फिरता भार : तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीज मिलचा अभ्यास

दुसरी बॉल मिल, म्हणजे पोलादी गोळ्यांनी दगड दळणारं फिरतं पिंप, घ्यायची का, एवढंच मालकांना विचारायचं होतं. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या एका गावाच्या शिवेवर त्यांचा छोटा कारखाना आहे. कमी प्रतीचं मँगनीज दळायचं, चुंबकी यंत्रावरून काढायचं आणि उरलेली गारगोटी बाजूला करायची, असं तिथलं काम. मिल ताशी १० टनांच्या हिशेबाने घेतली होती आणि ७ वर अडून बसली होती. गोळे वाढवून पाहिले, आतल्या भिंतीचे लायनर नवे टाकले, मोटर तपासून घेतली, पण आकडा पुढे सरकेना. ‘दगडच कठीण लागला’ यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि दुसऱ्या मिलसाठी बँकेत बोलणी सुरू होती.

कारखान्याचं नाव इथे देत नाही. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत, पण ते एकमेकांशी ताडून पाहिले तर जुळतात. वाचकांनी ते जरूर ताडून पाहावेत.

ढिगाऱ्यातला माल

डोंगरी बुजरुक, चिखला, मनसर, कांद्री, गुमगाव. भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यातली ही नावं इकडच्या माणसाला नवी नाहीत. खाणकाम शंभर वर्षांहून जुनं आणि त्या काळातलं बरंचसं काम हातोडीचं. बाया धोंडे फोडायच्या, काळाभोर वजनदार तुकडा वेगळा काढायच्या, आणि ज्यात पांढऱ्या-गुलाबी शिरा जास्त तो तुकडा टोपलीतून ढिगाऱ्यावर जायचा. अशा टाकून दिलेल्या मालावरच ही मिल चालते. त्यातलं मुख्य काळं खनिज ब्राउनाइट. बाकीची बहुतेक गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, आणि अधूनमधून स्पेसार्टिन जातीचा गार्नेट. क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिनच्या खडकाला एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या आरंभी गोंडाइट हे नाव दिलं. आपल्याकडच्या मँगनीजचा तो कायमचा सोबती.

या प्रकरणात कठीणपणाइतकीच घनता महत्त्वाची ठरली. पाण्याच्या तुलनेत क्वार्ट्झची घनता २.६५, स्पेसार्टिनची ४.२ च्या आसपास, ब्राउनाइटची ४.७ ते ४.८. या मालात गार्नेट थोडाच आहे, म्हणून काळं खनिज आणि गार्नेट मिळून जो ‘जड’ भाग होतो त्याची सरासरी घनता ४.७ धरली. बेल्टवरून मिलमध्ये जाणाऱ्या मालात जड आणि हलका भाग वजनाने निम्मानिम्मा. अशा मिश्रणाची घनता ३.४ येते. बाटलीत पाण्याबरोबर तोलून पाहिली तेव्हाही तेवढीच आली.

क्रशरमधून येणाऱ्या मालातला ८० टक्के भाग ६ मिलिमीटरच्या चाळणीतून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली काळे कण बहुतेक सुटे झालेले दिसतात. म्हणून ८० टक्के माल १५० मायक्रॉनच्या खाली आणायचा, असं लक्ष्य ठरलेलं होतं, आणि ते लक्ष्य योग्यच होतं.

बाँडचा हिशेब काय सांगतो

दगड बारीक करायला किती ऊर्जा लागते, याची सूत्रं जुनी आहेत. रिटिंगर यांचं १८६७ चं, किक यांचं १८८५ चं. खनिज उद्योगात टिकलं ते फ्रेड बाँड यांचं, १९५२ चं. त्यात दगडाचा एक निर्देशांक असतो. तो मोजायची चाचणी ठरलेली आहे. ३०५ मिलिमीटर व्यासाची छोटी मिल, २८५ गोळे, त्यांचं वजन २०.१२५ किलो, मिनिटाला ७० फेरे, आणि ७०० घनसेंटिमीटर माल. थोडं दळायचं, चाळायचं, चाळणीखालचं काढून तेवढाच ताजा माल वर टाकायचा, पुन्हा दळायचं. चाळणीवर उरलेला माल खाली गेलेल्याच्या अडीचपट, म्हणजे २५० टक्के, या पातळीवर स्थिरावला की चाचणी संपली.

मालकांच्या मालाचा निर्देशांक टनाला १३ युनिट आला. इथे युनिट म्हणजे वीजबिलावरचंच युनिट, एक किलोवॅट-तास. निर्देशांकाला १० ने गुणायचं आणि कणांच्या मायक्रॉनमधल्या आकारांच्या वर्गमुळांच्या व्यस्तांमधल्या फरकाने पुन्हा गुणायचं. ६००० मायक्रॉनवरून १५० वर यायला टनाला ८.९ युनिटं लागतात. आता मिल पाहू. लायनरच्या आतून व्यास १.८ मीटर, लांबी २.४ मीटर. एवढ्या व्यासाला ८० मिलिमीटरचे गोळे धरले तर मिनिटाला ३२ फेऱ्यांना गोळे भिंतीला चिकटून फिरू लागतात. ही मिल २४ फेऱ्यांवर, म्हणजे त्याच्या पाऊण वेगाने चालते. पोटाचा ३५ टक्के भाग गोळ्यांनी भरलेला, साधारण १० टन पोलाद. अशी मिल ९० किलोवॅट ओढते, आणि मीटरही तेच दाखवत होता. ९० ला ८.९ ने भागलं की ताशी १० टन.

म्हणजे मिल विकणाऱ्याचा हिशेब चोख होता. मिल वीजही पूर्ण खात होती. माल मात्र निघत होता ७ टन, टनाला जवळपास १२.९ युनिटं. बाँडचं सूत्र उलटं चालवलं तर या खर्चाला शोभेल असा दगड १८.७ निर्देशांकाचा असायला हवा. प्रयोगशाळेत तोच दगड १३ चा. मधल्या पावणेसहाच्या फरकाचा जाब दगडाला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण दोन्हीकडे दगड एकच होता.

वेगळं होतं ते माल परत पाठवण्याचं साधन. प्रयोगशाळेत चाळणी आणि कारखान्यात सायक्लोन, म्हणजे माल पाण्यासकट गरगर फिरवून जाडा-बारीक वेगळा करणारं शंकूसारखं यंत्र. मिलमधून निघालेली स्लरी, म्हणजे पाणी आणि दळलेला माल यांचं मिश्रण, पंपाने सायक्लोनमध्ये जाते, बारीक माल वरून ओव्हरफ्लोमध्ये निघतो, जाडा माल खालून अंडरफ्लोमधून परत मिलमध्ये. बाँडच्या चाचणीचा अहवाल वाचताना ही गोष्ट नजरेतून सुटते, कारण अहवालात फक्त शेवटचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

काटा, तक्ता आणि पाणी

मॉडेल बांधण्याआधी नमुने घ्यावे लागतात, आणि तिथेच निम्मं काम होतं. मिलचं तोंड, सायक्लोनचा वरचा पाइप आणि खालची चोच, तिन्हीकडून एकाच वेळी. पत्र्याची चिरेदार पन्हळ धारेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारख्या गतीने न्यायची. धारेच्या मधूनच बादली भरली तर जाडे कण जास्त येतात आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. शिफ्टभर ठरावीक अंतराने घेतलेले असे नमुने एकत्र केले.

मिलवरचे ऑपरेटर जुने, कानाने मिल ओळखणारे. त्यांनी सांगितलं, “मॅडम, मिल भरून आल्यासारखी वाजते. पाणी मारलं का मोकळी होते, अन् घंटाभरात परत तेच.”

“भाऊ, पाणी किती मारायचं ते कशावरून ठरवता?”

“काट्यावर पाहूनच मारतो. तक्ता हाय ना.”

तक्ता भिंतीवर होता, तेलकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. एक लिटरचा डबा मिलच्या तोंडाशी भरायचा, काट्याला टांगायचा, वजन पाहायचं आणि तक्त्यात त्यासमोरचा घन मालाचा टक्का वाचायचा. डबा २.०८ किलो भरत होता. तक्ता ७३-७४ टक्के सांगत होता. ठरवून दिलेली मर्यादा ७० ची, म्हणून ऑपरेटर पाणी वाढवायचे. मात्र तक्ता ३.४ घनतेवर बांधलेला होता, म्हणजे बेल्टवरच्या ताज्या मालावर. मिलच्या तोंडाशी येणाऱ्या मालाची घनता आम्ही तोलून पाहिली तेव्हा ती ३.८६ निघाली. या घनतेने तोच २.०८ किलोचा डबा बरोबर ७० टक्क्यांचा ठरतो. स्लरी घट्ट नव्हतीच. पाणी विनाकारण वाढत होतं, त्यामुळे माल मिलमधून लवकर बाहेर पडत होता आणि न दळलेला भाग सायक्लोनवर जाऊन परत येत होता. ऑपरेटर तक्त्याप्रमाणे नेमकं वागत होते. तक्ताच चुकीच्या घनतेवर बांधलेला होता.

बेल्टवर ३.४ आणि मिलमध्ये ३.८६. हा फरक कुठून आला, या प्रश्नापासून खरा अभ्यास सुरू झाला.

सायक्लोनच्या अंडरफ्लोची घनता ४.० निघाली. घनतेवरून हिशेब केला तर त्यात ७७ टक्के जड भाग. मग ओव्हरफ्लोचा नमुना ओला चाळला, आणि चाळण्या एका ओळीत उन्हात मांडल्या. १५० मायक्रॉनवर उरलेला माल पांढरट, भरडलेल्या तांदळासारखा, मधे मधे काळे ठिपके. जसजशी चाळणी बारीक, तसतसा रंग करडा आणि मग काळा. ३८ मायक्रॉनच्या खालून निसटलेला गाळ बोटाला लावला तर काजळासारखा. मालक स्वतः तिथे उभे होते. ज्या गारगोटीला फेकून द्यायचं ती जाडी राहिली होती आणि जे विकायचं तेच पिठासारखं झालं होतं. बाटलीने तोलून खात्री केली. वरच्या जाड्या भागाची घनता ३.०, २० मायक्रॉनखालच्या गाळाची ३.७.

एकाच मिलमध्ये दोन खनिजांचा हिशेब

बाँडचं सूत्र सगळ्या मालाला एक दगड समजतं आणि दोन आकड्यांत बोलतं: आत जाताना ८० टक्के कुठल्या आकाराखाली, बाहेर येताना कुठल्या. आमच्या मिलमध्ये दोन खनिजं दोन वेगळ्या वाटांनी चालली होती. त्यांची सरासरी १५० मायक्रॉनच येत होती, लक्ष्याइतकीच. म्हणून रोजच्या चाळणीच्या नोंदीत काहीच वावगं दिसत नव्हतं.

अशा ठिकाणी संख्या-समतोलाचं मॉडेल कामी येतं. त्याची बीजं बेंजामिन एपस्टाइन यांच्या १९४८ च्या लेखात आहेत, आणि पुढे लिओनार्ड ऑस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दळणासाठी वापरण्याजोगं केलं. कल्पना जनगणनेसारखी आहे. कणांचे आकाराप्रमाणे गट पाडायचे. प्रत्येक गटाबद्दल दोनच गोष्टी मोजायच्या: त्या गटातले कण किती वेगाने फुटतात, आणि एक कण फुटला की त्याचे तुकडे खालच्या कुठल्या गटांत किती जातात. मग दर क्षणी प्रत्येक गटाचा जमाखर्च मांडायचा. वरच्या गटांतून फुटून आलेले जमा, फुटून खाली गेलेले खर्च.

हे दोन्ही आकडे आम्ही दोन खनिजांसाठी वेगवेगळे मोजले. ढिगाऱ्यातून हाताने काळे तुकडे वेचले, गारगोटी वेगळी वेचली. दोन्ही फोडून ८५० ते ११८० मायक्रॉनचा एकच गट चाळून घेतला आणि छोट्या मिलमध्ये अर्धं, एक, दोन आणि चार मिनिटं दळला. दर वेळी मूळ गटात किती उरलं ते तोललं. लॉग-कागदावर बिंदू सरळ रेषेत आले, म्हणजे फुटण्याचा वेग वेळेनुसार बदलत नाही. काळ्या खनिजाचा वेग मिनिटाला ०.४२, गारगोटीचा ०.३१. साध्या भाषेत, चार मिनिटांनी काळ्या खनिजाचे १९ टक्के मूळ आकारात उरले आणि गारगोटीचे २९. मग दोन्ही मिसळून पुन्हा दळलं. वेग थोडे सरकले, पण क्रम बदलला नाही. तुकड्यांची वाटणी सर्वांत कमी वेळ दळलेल्या नमुन्यांवरून काढली. तिथे तुकडे पुन्हा फुटायला फारसा वेळ मिळालेला नसतो.

म्हणजे ज्याला सगळे कठीण म्हणत होते तो काळा दगड गारगोटीपेक्षा सहज फुटत होता. तरीही तोच मिलमध्ये साचत होता.

प्रयोगशाळेतल्या वेगावरून मोठ्या मिलचा वेग कसा काढायचा? हर्ब्स्ट आणि फ्युअरस्टेनाउ यांनी १९८० मध्ये मांडलेली वाट आम्ही धरली. फुटण्याचा वेग वेळेवर न मोजता टनामागे खर्च झालेल्या ऊर्जेवर मोजायचा, मग छोटी आणि मोठी मिल एकाच मापात येतात. छोट्या मिलच्या दांड्यावरचा पीळ मोजून तिथली ऊर्जा काढली. मोठ्या मिलमध्ये माल किती वेळ राहतो ते मिठाच्या पाण्याने पाहिलं. मीठ विरघळवलेली बादली तोंडाशी ओतायची आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता दर काही सेकंदांनी टिपायची. सरासरी जवळपास अडीच मिनिटं आली. आलेखाची शेपटी लांब होती, म्हणून मॉडेलमध्ये मिल एका मोठ्या आणि दोन छोट्या टाक्यांची मिळून धरली. पाण्याची वेळ तीच मालाची, हे गृहीतक जाड्या कणांसाठी ढिलं आहे. या आकारांना मात्र ते चाललं.

गोळे प्रत्यक्ष कसे उसळतात याचं संगणकी चित्रण आम्ही केलं नाही. ती पद्धत बॉल मिलसाठी प्रथम वापरली बी. के. मिश्रा आणि राज राजामणी यांनी, १९९२ मध्ये युटा विद्यापीठात. लायनरचा आकार ठरवायचा असेल तर ती हवीच. इथला प्रश्न मिलबाहेरच्या वाटेचा होता, आणि त्याला एक्सेलचं पान पुरेसं होतं.

आता सायक्लोन. तो कणाला आकाराने निवडतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो निवडतो खाली बसण्याच्या ओढीने. ती ओढ आकाराच्या वर्गाबरोबर वाढते आणि कणाची घनता पाण्याहून किती जास्त त्याबरोबरही. क्वार्ट्झची घनता पाण्याहून १.६५ ने जास्त, जड भागाची ३.७ ने. या दोन आकड्यांच्या भागाकाराचं वर्गमूळ काढलं की दीड येतं. म्हणजे एकाच सायक्लोनमध्ये गारगोटीचा कण २२० मायक्रॉनचा असला तरी निम्म्या वेळा वरून निसटतो, आणि काळ्या कणाला तेवढीच संधी मिळायला १४५ मायक्रॉनपर्यंत खाली यावं लागतं. काळा कण १८० मायक्रॉनला सुटा झालेला, काम संपलेलं, तरी सायक्लोन त्याला जास्त करून परतच पाठवणार.

हे दोन पल्ले, २२० आणि १४५ मायक्रॉनचे, मॉडेलमध्ये घातले आणि चक्र स्थिर होईपर्यंत चालवलं. फिरता भार, म्हणजे ताज्या मालाच्या तुलनेत मिलकडे परत येणारा माल, ३९० टक्के आला. नमुन्यांवरून मोजलेला ४२० होता. ताशी ७ टनांवर ४२० टक्के म्हणजे ताशी २९ टनांहून थोडा जास्त माल परत येत होता. त्याची फोड अशी. जड भाग ताशी साडेतीन टन आत येत होता आणि २२.७ टन परत फिरत होता, म्हणजे ६५० टक्के. गारगोटीही साडेतीनच टन येत होती, पण फिरत होती ६.७ टन, १९० टक्के. जड कण बाहेर पडण्याआधी सरासरी साडेसात वेळा मिलमधून जात होता, गारगोटी जेमतेम तीन वेळा. बेल्टवर निम्मा असलेला जड भाग मिलच्या पोटात ७२ टक्के झाला होता. घनता ३.८६ कशी, याचं उत्तर हेच.

जास्तीची वीज कुठे जात होती, हेही त्यातून उघड झालं. बाँडचं सूत्र फक्त ८० टक्क्यांचा आकार पाहतं, त्याखाली पीठ किती झालं ते पाहत नाही. ओव्हरफ्लोमधल्या जड भागाचे जवळपास ३० टक्के २० मायक्रॉनच्या खाली गेले होते. एवढ्या बारीक कणावर चुंबकाची ओढ कणाच्या घनफळाने घटते, आणि पाण्याचा ओघ त्याला वाहून नेतो तो नुसत्या व्यासाने घटतो. कण अर्धा झाला की चुंबकाची पकड आठपट सैल होते, पाण्याची दुप्पटच. म्हणून हे काळं पीठ चुंबकी यंत्रावरून निसटून थेट टाकाऊ गाळाच्या तळ्यात जात होतं. कारखाना वीज जाळून स्वतःचा विकाऊ माल तळ्यात घालत होता. ते तळं धानाच्या बांध्यांना लागून आहे. बारीक गाळ दिवसचे दिवस बसत नाही, गढूळ पाणीच पुन्हा मिलकडे येतं, आणि तळं भरलं की शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावरून भांडण सुरू होतं. हे नुकसान टनांच्या नोंदीत येत नाही, पण गावात राहणाऱ्याला ते रोज दिसतं.

पर्याय

मॉडेल हाताशी आल्यावर पर्याय पाहणं सोपं झालं. गोळे ३५ वरून ४० टक्क्यांवर नेले तर वीज सहा टक्क्यांनी वाढते, माल थोडा वाढतो आणि काळं पीठही वाढतं. दुसरी मिल बसवली तर माल नक्की वाढेल, पण टनाला तेवढीच वीज आणि तेवढंच पीठ, फक्त दोन मिलमध्ये.

सायक्लोनला जास्त पाणी देणं किंवा खालची चोच बदलणं, हा पर्याय मालकांना सगळ्यांत आवडला, कारण त्याला खर्च नाही. त्यातली अडचण नीट समजून घ्यायला हवी. पाणी वाढवलं की दोन्ही खनिजांचे पल्ले एकत्र खाली येतात, चोच मोठी केली तरी दोन्ही एकत्रच सरकतात. मधला दीडपटीचा फरक तसाच राहतो, कारण तो खनिजांच्या घनतेतून आला आहे. शिवाय उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न उरतोच.

घनतेची भानगड मिटवायची तर निवड आकारानेच व्हायला हवी. म्हणून सायक्लोनच्या जागी १८० मायक्रॉन जाळीची, थरांची कंपन चाळणी सुचवली. मॉडेलमध्ये सायक्लोनचे दोन पल्ले काढून एकच चाळणी घातली तर फिरता भार १५० टक्क्यांच्या आसपास येत होता, मिलमधला मुक्काम साडेतीन मिनिटांवर जात होता, आणि ताशी साडेनऊ ते दहा टन निघत होते. चाळणीचा खर्च मिलपेक्षा बराच कमी. जाळ्या झिजतात आणि बदलाव्या लागतात, तो खर्च मालकांना आधीच लेखी सांगितला.

आणखी एक सुचवणी होती: अंडरफ्लोवर स्पायरल, म्हणजे जड आणि हलके कण वेगळे करणारी मळसूत्री पन्हळ, लावून सुटा झालेला जाडा काळा कण मिलकडे परत जाण्याआधीच काढून घ्यायचा. माझ्या मते दीर्घकाळाचा खरा उपाय तोच. दळून झालेल्या खनिजाला पुन्हा मिलमध्ये जाऊच द्यायचं नाही. पण त्यासाठी मांडणी बदलावी लागते, म्हणून मालकांनी चाळणीपासून सुरुवात केली.

चाळणी लागल्यावर

चाळणी बसली आणि मिल ताशी ९.२ टनांवर स्थिर झाली. वीज तेवढीच, ९० किलोवॅट, म्हणजे टनाला ९.८ युनिटं. नव्या बारीकीला, ८० टक्के १४० मायक्रॉनखाली, बाँडचं सूत्र ९.३ मागतं. प्रयोगशाळेतला १३ चा दगड कारखान्यातही जवळपास १३ चाच वागू लागला. जड भागातला २० मायक्रॉनखालचा वाटा ३० वरून २१ टक्क्यांवर आला. दुसऱ्या मिलसाठीची बँकेतली बोलणी मालकांनी थांबवली.

मॉडेलने सांगितलेल्या साडेनऊपेक्षा ९.२ कमी का, याचं कारण जाळीवर दिसलं. जुन्या ढिगाऱ्याच्या तळाशी माती आहे. ती चिकट माती जाळीची छिद्रं बुजवते आणि बारीक मालही परत मिलकडे जातो. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. त्याच दिवसांत रोवणीमुळे माणसं शेतावर असतात आणि जाळी धुवायला हात कमी पडतात. म्हणून पावसाळ्यापुरता ढिगाऱ्याचा वरचा, कमी मातीचा भाग उचलायचा आणि तळ उन्हाळ्यासाठी राखायचा, असं ठरलं. मॉडेलमध्ये मातीला जागा नव्हती. आता चाळणीच्या कार्यक्षमतेचा आकडा महिन्याप्रमाणे वेगळा घालतो.

गोळ्यांचा आकार मात्र मुद्दाम हलवला नाही. ६ मिलिमीटरच्या मालाला बाँडच्याच सूत्राने सर्वांत मोठा गोळा ६५ मिलिमीटरचा पुरतो आणि या मिलमध्ये ८० चे पडतात. लहान गोळे म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त गोळे आणि जास्त आघात. फायदा होईल असं मॉडेल सांगतं. पण चाळणी आणि गोळे एकाच वेळी बदलले असते तर कुठला टन कशामुळे वाढला हे कुणालाच सांगता आलं नसतं. झिजलेल्या गोळ्यांच्या जागी यापुढे ६५ चे टाकत जायचं, म्हणजे मिलमधला साठा हळूहळू बदलेल, आणि दर टप्प्याला नमुने घ्यायचे.

नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे, व्हीएनआयटी या तिथल्या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेत खाणकाम आणि धातुशास्त्र दोन्ही शिकवलं जातं, आणि हे गाव नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर आहे. तरी इथे वापरलेली साधनं, चाळण्यांचा संच, घनतेची बाटली, मिठाची बादली आणि एक्सेल, यांतलं एकही मिल विकत घेताना कुणी वापरलं नव्हतं. विदर्भात जुन्या ढिगाऱ्यांवर चालणाऱ्या अशा छोट्या मिल पुढेही उभ्या राहतील. मिल मागवण्याआधी खनिजांची घनता वेगवेगळी तोलून घ्या, हे मी प्रत्येक मालकाला आग्रहाने सांगते. त्याला एक बाटली, एक काटा आणि एक दुपार लागते.

भिंतीवरचा तक्ता ऑपरेटर भाऊंनी स्वतः नव्याने लिहून घेतला आहे. त्यात आता घनतेचे दोन रकाने आहेत, एक बेल्टवरच्या मालाचा आणि एक मिलच्या तोंडाशी येणाऱ्या मालाचा, आणि दुसरा रकाना दर आठवड्याला बाटलीने तपासला जातो. गार्नेटचा प्रश्न अजून आहे. तो जड आहे, चुंबकाला थोडा ओढलाही जातो, आणि काळ्या मालात मिसळून त्याची प्रत खाली आणतो. त्याला मॉडेलमध्ये तिसरं खनिज म्हणून वेगळं धरायचं तर त्याचा फुटण्याचा वेगही वेगळा मोजावा लागेल. त्यासाठी ढिगाऱ्यातून गुलाबी तुकडे वेचून ठेवायला सांगितलं आहे.